कोपरात लोखंड, वरून प्लास्टर

हाडांच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. डॉक्टर राउंडला येतात, खाटेशी क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मात्र पेशंट रोज येतो, समोर बसतो आणि त्याचा हात माझ्या हातात असतो. दुखत असताना माणूस जे बोलतो ते अगदी पोटातलं बोलतो. शिव्या, गाऱ्हाणी, घरच्या भानगडी, सगळं आपल्या पदरात पडतं. मग घरी येऊन ते कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर जेवण जात नाही.

आमचे हे म्हणतात, "तुझे किस्से ऐकायला मजा येते, पण सांगताना तू एवढी लाल का होतेस?" आता काय सांगू! माझे किस्से रागाचेच आहेत. निवृत्त होऊन साताऱ्याला स्थिरावलो त्याला जमाना झाला, तरी चंदीगडचं नाव निघालं की माझा आवाज चढतो.

ऐंशीचं दशक. पंजाबात दहशतीचे दिवस. हे तेव्हा मेजर होते, पोस्टिंग चंदीगडला लागूनच असलेल्या चंडीमंदिरच्या छावणीत. मी शहरातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. चौकाचौकात वाळूची पोती, रस्तोरस्ती नाके, कधी बंद तर कधी कर्फ्यू. दुपार कलली की पेशंट घड्याळाकडे बघायला लागायचे, कारण उजेडात गाव गाठायचं असायचं. आमचे चीफ, म्हणजे हाडांच्या विभागाचे मुख्य सर्जन, मात्र या सगळ्यात शांत असायचे. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, ती पुढे सांगते.

*

आधी कोपराबद्दल दोन शब्द. कोपर हा फार मानी सांधा आहे. थोडे दिवस गप्प बसवलात तर रुसतो तो कायमचा. गुडघा समजूत काढली की ऐकतो, खांदा ऐकतो, कोपर नाही. म्हणून तर चुरा झालेल्या कोपरात स्टीलच्या पट्ट्या, स्क्रू आणि तारा घालायच्या! हाडाचे तुकडे जागेवर पक्के धरून ठेवले की दोन-चार दिवसांत हात हलवायला घेता येतो. लोखंड घालण्यामागचा हेतूच तो.

आमच्या चीफचा हात म्हणजे सोन्याचा. हाडाचे दहा तुकडे असे जुळवायचे की बघत राहावं. आणि एवढं सगळं सुंदर करून झालं की शेवटी सिस्टरला सांगायचे, "प्लास्टर लाओ. छे हफ्ते."

मी नवीन होते तेव्हा विचारलं, "सर, सहा आठवडे प्लास्टरच घालायचं होतं तर आत लोखंड कशाला?"

"मॅडम, डबल सेफ्टी!"

"सर, दाराला कुलूप लावलं की पुरतं. वर दार विटांनी बुजवायचं म्हणजे घरात जायचं कुठून?"

चीफ हसले. ऑपरेशन थिएटरमधले सगळे हसले. आणि प्लास्टर लागलं.

*

हे असं का करतात ते मला त्यांच्या हाताखालच्या ज्युनियर सर्जनने, रजिस्ट्रार सोधीने सांगितलं. चांगला मुलगा होता सोधी, फक्त चीफसमोर त्याचा कणा प्लास्टरचा व्हायचा.

"मॅडम जी, सीधी बात है. प्लेट निखळली तर लोक म्हणणार सर्जनने बिघडवलं. कोपर आखडलं तर म्हणणार फिजिओने नीट केलं नाही. आता तुम्हीच सांगा, सर काय निवडतील?"

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेशंटचा हात वाकतो की नाही हा प्रश्नच नव्हता! दोष कोणाच्या दारात टाकायचा एवढाच प्रश्न होता, आणि दार माझं होतं.

*

एक प्राध्यापिका बाई होत्या. बर्फाळ सिमल्यात घसरून उजवं कोपर फुटलेलं. ऑपरेशन झालं, सहा आठवडे प्लास्टर झालं, आणि हात काटकोनाच्याही अलीकडेच थांबला. तपासणीला आल्या तर चीफनी एक्स-रे काचेवर लावला, दिवा पेटवला आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं.

"देखिए, क्या ब्यूटिफुल एक्स-रे है! एक भी स्क्रू इधर-उधर नहीं."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर साहब, हाथ मुँह तक नहीं जाता."

"हो जाएगा, हो जाएगा. ये ऐंगल देखिए आप!"

बाई एक्स-रेकडे बघत राहिल्या. मग अगदी सभ्य आवाजात म्हणाल्या, "तो आज से रोटी इसी को खिला दिया करूँ?"

शिकाऊ डॉक्टर फरशीकडे बघायला लागले. चीफनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "नेक्स्ट पेशंट!"

*

आणि मग आला करतार सिंग. बसचा ड्रायव्हर, उंचापुरा, दाढीत पांढरे केस डोकावायला लागलेले. बस चालवताना उजवं कोपर खिडकीवर टेकवून बसायची सवय. सगळ्याच ड्रायव्हरांना असते. समोरून ट्रक आला, अंगाला घासून गेला आणि जाताना कोपर घेऊन गेला. हाडाचा अक्षरशः भुगा झाला होता. पण चीफनी तीही मूर्ती उभी केली, हे कबूल करायलाच हवं.

मी थिएटरच्या दारात उभी राहून हात जोडले. "सर, याला प्लास्टर नको. ड्रायव्हर आहे. मी रोज स्वतः करून घेते, माझ्या जबाबदारीवर."

"मॅडम, आपकी जिम्मेदारी पर मेरी प्लेट?"

प्लास्टर लागलं. सहा आठवडे झाले त्या दिवशी बंद होता, बस नव्हती. म्हणून ते आणखी उशिरा निघालं. निघालं तेव्हा करतार सिंगचा हात जवळजवळ सरळ होता आणि सरळच राहिला. मी दाबलं, तो ओरडला, हात तसूभर हलला नाही.

नोकरी गेलीच होती. पण त्याचं दुःख वेगळं होतं. मिसरूड फुटल्यापासून हा माणूस रोज सकाळी स्वतःची पगडी स्वतः बांधत आलेला. पगडी बांधायला दोन्ही हात डोक्यामागे जावे लागतात. आता धाकटा भाऊ बांधून द्यायचा. करतार सिंग म्हणाला, "मॅडम जी, भाऊ चांगली बांधतो. पण आरशात बघितलं की वाटतं, हे डोकं त्याचं आहे."

मी त्याचा हात घेतला आणि पुन्हा दाबायला सुरुवात केली.

*

नाके आणि कर्फ्यू, त्यामुळे रोज येणं त्याला जमेना. घरच्यांनी गावातल्या पहिलवानाला बोलावलं. हा हाडं बसवणारा, मालिश करणारा. त्याने तेल लावून कोपर असं काही रगडलं की ते सुजून टम्म झालं. असं रगडलं की सांध्याभोवती नको तिथे हाड धरतं आणि उरलीसुरली हालचालही जाते.

मी निरोप धाडला की त्या पहिलवानाला घेऊनच ये! आणि तो आला की हो! पांढरा कुर्ता, खांद्यावर कपडा, चेहऱ्यावर विद्वानाचा भाव. मी त्याला फैलावर घेणार तेवढ्यात चीफ आत आले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

पहिलवान म्हणाला, "डॉक्टर साहब, मैं तो कहता हूँ, हड्डी टूटे तो बांस की फट्टी, हल्दी का लेप, और छे हफ्ते हिलाना नहीं."

चीफ म्हणाले, "बिलकुल ठीक! हिलाना नहीं."

"ये बीबी जी बहुत हिलाती हैं."

"मैं भी इनको यही कहता हूँ!"

माझ्या खोलीत, माझ्यासमोर दोघांचं एकमत झालं! एकाची पट्टी बांबूची, दुसऱ्याची पांढऱ्या प्लास्टरची. बाकी शिक्षणाने काही फरक पडलेला नव्हता. मी दोघांनाही बाहेर काढलं. चीफना बाहेर काढता येत नाही, म्हणून त्यांना चहाला पाठवलं.

*

त्याच सुमाराला मेसमध्ये पार्टी होती. आमच्या मराठी मंडळींचा घोळका एका टेबलाभोवती. मी आपली करतार सिंगचं सांगत होते. कुमुदवहिनी, म्हणजे यांच्या मित्राची बायको, काजू चघळत म्हणाल्या, "अगं पण तू त्या लोकांचे हात दुरुस्त करतेस? उद्या त्याच हातात बंदूक आली म्हणजे?"

"त्या लोकांचे" म्हणे!

मी म्हटलं, "वहिनी, आज तो हात तोंडापर्यंत पोचत नाहीये. बंदुकीचं कसलं घेऊन बसलात! आणि बंदूक चालवायला कोपर फारसं वाकवावं लागत नाही, काजू खायला लागतं. तुमचं कोपर मात्र छान चाललंय."

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. घरी जाताना जीपमध्ये म्हणाले, "काजूचं बोलायला नको होतंस." मी म्हटलं, "काजूचं बोलले म्हणून वाचल्या त्या."

*

आता नाक्याचा किस्सा. हा करतार सिंगने स्वतः सांगितला, हसत हसत.

तो गावाहून माझ्याकडेच यायला निघाला होता, ज्या बसवर आधी ड्रायव्हर होता त्याच बसने, प्रवासी म्हणून. वाटेत नाका लागला. सगळ्या पुरुषांना खाली उतरवलं आणि रांगेत उभं केलं. "हाथ सिर पर! दोनों!"

करतार सिंगने डावा हात पगडीवर ठेवला. उजवा खांद्यातून वर केला, तर तो सरळसोट आभाळाकडे! डोक्यावर टेकणार कसा?

"दूसरा हाथ भी!"

"मुड़ता नहीं जी."

नाक्यावरचा जवान कोवळा, कुठून तरी दूरवरून आलेला, बिचारा स्वतःच घाबरलेला. त्याला वाटलं हा माणूस कुणाला तरी इशारा करतोय. त्याने बंदूक रोखली. रांगेतले लोक बाजूला सरकले. करतार सिंग म्हणाला, त्यांनाही दोष नाही, मीही सरकलो असतो. बसचा नवा ड्रायव्हर ओरडला, "ड्राइवर है जी, अपना बंदा है, एक्सीडेंट हुआ है!" तेव्हा त्या जवानाने खात्री करायची म्हणून बंदुकीच्या दस्त्याने ते कोपर दाबून पाहिलं. एकदा नाही, बरेचदा.

"मॅडम जी, उसने भी आपवाली एक्सरसाइज करवाई," करतार सिंग म्हणाला. "फर्क बस इतना, आप गिनती करके करवाती हैं."

तो हसला. खोलीतले बाकीचे पेशंटही हसले. मी उठून खिडकीशी गेले, कारण मला त्यांना माझं तोंड दाखवायचं नव्हतं. हा माणूस माझ्याकडे येताना मेला असता! गोळीने नव्हे हो, प्लास्टरने. आणि परत जाताना तोच नाका होता.

*

मी तशीच करतार सिंगला घेऊन चीफच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, याचं कोपर पुन्हा उघडा. आत जे काही चिकटलंय, जे नको ते हाड धरलंय, ते मोकळं करा. आणि यावेळी प्लास्टर नको."

चीफनी एक्स-रे मागवला, दिवा पेटवला. "मॅडम, इस फिक्सेशन में प्रॉब्लेम क्या है?"

"फिक्सेशनमध्ये नाहीये सर. माणसात आहे. नाक्यावर त्याला डोक्यावर हात ठेवता आला नाही."

चीफना वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते काही दगड नव्हते. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं आणि सुंदर इंग्रजीत सर्टिफिकेट लिहिलं: या इसमाचं उजवं कोपर वैद्यकीय कारणाने वाकत नाही, तरी सहकार्य करावं. खाली सही, शिक्का.

"ये हमेशा जेब में रखना. कोई रोके तो निकाल के दिखा देना."

करतार सिंगने डाव्या हाताने कागद घेतला, कुर्त्याच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी चीफकडे बघितलं.

"सर, नाक्यावर बंदूक रोखलेली असताना हा खिशात हात घालणार?"

चीफनी त्याच्या खिशाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "तो जेब से थोड़ा बाहर निकला रहने दो."

देवाशपथ सांगते, टेबलावरचा पेपरवेट मी उचललाही होता. फाइल घेऊन शेजारी उभ्या असलेल्या सोधीने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

*

पुढे चीफ कॉन्फरन्सला म्हणून परदेशी गेले. ते गेले त्याच आठवड्यात सोधी माझ्या खोलीत आला, दार लावलं आणि म्हणाला, "बुला लो उसको."

मी त्याला तिथेच मिठी मारणार होते, पण हातात शेकायच्या गरम पॅराफिन मेणाचं पातेलं होतं.

सोधीने कोपर उघडलं, चिकटलेलं सगळं मोकळं केलं, वाढलेलं हाड काढलं. प्लेट मात्र जिथल्या तिथे ठेवली. म्हणाला, "प्लेट को हाथ नहीं लगाया मॅडम, नहीं तो सर मुझे काट डालेंगे." शेवटी सवयीने त्याच्या तोंडून "प्लास्टर" निघालंच. पण मी दारात उभी होते. त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो हात हातात घेतला. करतार सिंगची आरोळी वॉर्डाच्या पार टोकाला गेली. पंजाबीतल्या शिव्या मला तोवर समजायला लागल्या होत्या, आणि त्याला माझं सातारी समजायला लागलं होतं. "वाकव! आणखी वाकव! रडतोस काय लेका, एवढा मोठा झालास!" त्याच्या परतीच्या वाटेवर तो नाका आहे हे मला दिसत होतं, त्यामुळे मी दया दाखवली नाही.

आधी हात छातीपर्यंत आला. मग मिशीपर्यंत. मिशीपर्यंत पोचला त्या दिवशी बाबा आरशासमोरून हलायला तयार नाही, पीळ देतोय आणि देतोय! आणि मग एका सकाळी आला तो पगडी थोडी वाकडी बांधून. भाऊ कधी वाकडी बांधत नसे. मी डोळे पुसले आणि म्हटलं, बस खाली, अजून बरंच बाकी आहे.

चीफ परत आले. करतार सिंगने हात वाकवून दाखवला. चीफनी त्याची पाठ थोपटली, सोधीकडे वळले आणि म्हणाले, "देखा? मैंने कहा था ना, प्लेट एकदम फर्स्ट क्लास है!"

*

आणि हा शेवटचा.

आमच्याकडे आजूबाजूच्या गावांमधल्या हाडांच्या डॉक्टरांची सभा भरली. हॉल भरलेला. बाहेर पोलीस, दारात झडती, आत सगळ्यांच्या चेहऱ्यावर ताण. त्या काळात कुठेही चार माणसं जमली की असंच असायचं. चीफनी आपल्या कोपराच्या केसेस मांडल्या आणि शेवटची केस म्हणून करतार सिंगला थेट स्टेजवर उभं केलं. मी आणि सोधी मागच्या रांगेत. दुसऱ्या ऑपरेशनबद्दल अवाक्षरही नाही. माझं नाव नाही, ते जाऊ दे. पण सोधीचंही नाही.

"करतार सिंग, इनको दिखाओ."

करतार सिंगने पगडी उतरवली. सगळ्यांसमोर, सावकाश. मग कापडाचं टोक दातात धरलं आणि बांधायला लागला. एकेक पेच, दोन्ही हात डोक्यामागे जाताहेत, वर येताहेत. शेवटचा पेच खोचला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. सोधी रुमाल शोधत होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरने उभं राहून विचारलं, "सर, ऑपरेशन के बाद हाथ कब हिलाया? प्लास्टर दिया था?"

मी खुर्चीच्या कडेला आले. चीफनी चष्मा सारखा केला.

"ऑफ कोर्स. छे हफ्ते. नो मूव्हमेंट."

आणि अख्ख्या हॉलने माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं. मला पेनांचा आवाज ऐकू येत होता. एवढ्या गावांतून आता किती कोपरं जाणार, या विचाराने माझं डोकं फिरलं. मी उठले, सोधीने माझा पदर धरला, मी तो सोडवत होते.

पण माझ्या आधी स्टेजवरून आवाज आला. ट्रकच्या भोंग्यावर मात करणारा ड्रायव्हरचा आवाज.

"हाथ सिर पर! दोनों!"

पेनं पडली. पुढच्या रांगेचे हात वर गेले, मग तिच्या मागच्या रांगेचे, मग सगळ्यांचेच. चष्मे, टाय, सूट, सगळे डोक्यावर हात ठेवून बसले. स्टेजवर चीफचेही दोन्ही हात डोक्यावर होते.

करतार सिंगने सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. उजव्या हाताने मिशीला पीळ दिला आणि शांतपणे म्हणाला,

"अब छे हफ्ते ऐसे ही बैठे रहो जी."